हायस्कूलला इंग्रजी शिकवायला लागताय? स्वतःची ओळख आणि वर्गाकडून अपेक्षा

जूनमध्ये हायस्कूलला इंग्रजीचे शिक्षक म्हणून पहिल्यांदा रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. शाळा कोल्हापूर शहरातली असो, करवीर-हातकणंगल्यातली असो किंवा राधानगरी-भुदरगडच्या डोंगराकडची, पहिल्या महिन्यात दोन कामं सगळ्यांनाच करावी लागतात. आपण कोण हे मुलांना सांगायचं आणि त्यांच्याकडून आपल्याला काय हवं ते सांगायचं. बी.एड.ला टाचण काढायला शिकवतात, पाठ निरीक्षण होतं, पण या दोन गोष्टी ज्यानं त्यानं आपापल्या परीनं निभावायच्या असतात. माझ्या मते वर्षाचं निम्मं काम इथंच होतं. इंग्रजी आपल्यासारख्याला जमण्याजोगी आहे की नाही, हे मूल तुमच्याकडं बघून ठरवतं. आणि तुम्ही जूनमध्ये मागितलेलं सप्टेंबरमध्ये तुम्हीच विसरलात, तर पुढचं काहीच ते मनावर घेत नाही. म्हणून थोडं मागा, आणि जे मागाल ते मार्चपर्यंत धरून ठेवा.

रुजू होण्याआधी एक चक्कर मारा

शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकांना भेटा. वर्ग कोणते, तुकड्या किती, प्रत्येक तुकडीचा पट किती आणि सेमी कोणती, एवढं विचारून घ्या. सेमीच्या तुकडीला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, बाकी विषय मराठीतून. पण इंग्रजी हा विषय मराठी माध्यमाच्या दोन्ही तुकड्यांना तृतीय भाषा म्हणूनच असतो. पुस्तक एक, बोर्डाचा पेपरही एक. हे नीट लक्षात ठेवा, कारण मुलंच तुम्हाला सांगतील, "मॅडम, आम्ही सेमीचे नाही, आमचं इंग्रजी कच्चं आहे." हा शिक्का त्यांनी स्वतःवर मारून घेतलेला असतो. दोन तुकड्यांना दोन प्रकारच्या अपेक्षा लावल्या की तो शिक्का तुम्ही पक्का करता. इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर गोष्ट वेगळी. तिथं इंग्रजी प्रथम भाषा असते, पुस्तक आणि पेपरही वेगळा.

आधीच्या शिक्षकांशी जरूर बोला. फक्त त्यांना विचारा की वर्ग कुठं अडतो: वाचनात, काळांत, पत्रलेखनात की उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिताना. वांड मुलांची यादी कुणी द्यायला लागलं तर विषय बदला. ती नावं डोक्यात घेऊन वर्गात गेलं की नजर आपोआप त्यांच्यावरच जाते, आणि त्या मुलांना ते पहिल्याच तासाला कळतं.

आणखी एक. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीत तुमच्यासमोर बसलेल्या मुलाच्या गाठीला आठ वर्षांचं इंग्रजी आहे. त्याला काहीच येत नाही हे खरं नसतं. त्याला वाचलेलं बरंच समजतं, ऐकलेलं थोडं समजतं, बोलायची वेळ आली की तोंड बंद होतं. तुमच्या अपेक्षा या क्रमाला धरून असाव्यात.

पहिला तास: स्वतःबद्दल किती सांगायचं

पाच मिनिटं पुरेत. पदव्या एका वाक्यात सांगा, बी.ए.ला कुठला वर्ग मिळाला यात नववीच्या पोराला रस नसतो. त्याला जाणून घ्यायचं असतं की तुम्ही इंग्रजी शिकलात कसे. मराठी माध्यमात शिकला असाल तर तेच आधी सांगा. पहिल्यांदा इंग्रजीत बोलायची पाळी कुठं आली, तेव्हा काय झालं, नंतर कशानं जमायला लागलं, हे नावगावासकट सांगा. रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून, बोर्डिंगमधल्या मोठ्या मुलाकडून, वाचनालयातल्या इंग्रजी पेपरातलं खेळाचं पान वाचून, जे खरं असेल ते. इंग्रजी माध्यमात शिकला असाल तरी लपवू नका. तेही सरळ सांगा आणि सोबत एखादी अशी गोष्ट सांगा जी तुम्हाला कष्टानं शिकावी लागली. मुलांना पाहायचं असतं ते हे की समोरच्या माणसाला कधीतरी काहीतरी जमत नव्हतं.

ही ओळख आधी इंग्रजीत करा, सहा-सात लहान वाक्यांत, सावकाश. 'आय कम फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज. माय स्कूल वॉज अ मराठी स्कूल. आय वॉज अफ्रेड ऑफ इंग्लिश.' अशी वाक्यं सगळ्या वर्गाला कळतात, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सगळं समजलं ही फार मोठी गोष्ट आहे. मग मराठीत सांगा की आता मला काहीही विचारा, कुठल्याही भाषेत.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, गाव कुठलं?" आपल्याकडं गाव विचारतात आणि त्या पाठोपाठ पाहुणे कुठले ते विचारतात. गाव सांगा, तालुका सांगा, तिथं थांबा. जात, भावकी, कारखान्याच्या किंवा दूध संघाच्या निवडणुकीत घर कुठल्या गटाचं, हे वर्गात येता कामा नये. गावात हे हळूहळू समजतंच, पण तुमच्या तोंडून आलं नाही तर कुठल्याच मुलाला असं वाटत नाही की मॅडम त्या बाजूच्या आहेत.

शिक्षणसेवक असाल किंवा तासिका तत्त्वावर असाल तर तेही वर्गात बोलायची गरज नाही. "मी काय, वर्षभरापुरती आहे" असं एकदा म्हटलं की मुलं तुम्हाला पाहुणा समजायला लागतात. नेमणुकीचा कागद कसा आहे हा तुमचा आणि संस्थेचा प्रश्न. वर्गात तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका आहात, एवढंच.

दुसरा तास: त्यांची ओळख करून घ्या, आणि ती वापरा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा. प्रत्येकाला वहीच्या पानाएवढा कोरा कागद द्या आणि पाच गोष्टी लिहायला सांगा. तुला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडते? गाव कुठलं आणि शाळेला कसा येतोस? शाळा सुटल्यावर काय करतोस? इंग्रजी कुठं कुठं कानावर पडतं? इंग्रजीची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? उत्तरं मराठीत चालतील असं स्पष्ट सांगा. इंग्रजीत लिहायचा आग्रह धरला की मुलं जेवढं लिहिता येतं तेवढंच लिहितात, जे सांगायचं असतं ते राहून जातं.

हे कागद घरी नेऊन निवांत वाचा. कुणी पहाटे उठून धारा काढून डेअरीला दूध घालून येतो. कुणी संध्याकाळी तालमीत जातो. हुपरीकडची मुलगी आईसोबत चांदीच्या दागिन्यांचं काम करते, इचलकरंजीच्या पोराच्या घरात यंत्रमाग आहेत, शिरोलीच्या पोराचे वडील फौंड्रीत आहेत. शहरातला असेल तर फुटबॉलमध्ये आपला संघ पाटाकडील, खंडोबा की शिवाजी तरुण मंडळ हे त्यानं न विचारता लिहिलेलं असतं.

आता या मुलांच्या तोंडात रोज किती इंग्रजी शब्द असतात ते बघा. शाहू स्टेडियमवर मॅच बघणारा कॉर्नर, पेनल्टी, ऑफसाइड, सेव्ह, डिफेन्स हे सगळं बरोबर वापरतो. फौंड्रीवाल्याच्या घरी पॅटर्न, कोअर, मोल्डिंग, कास्टिंग रोजचं आहे. यंत्रमागाच्या घरात बीम, वार्पिंग, सायझिंग. डेअरीच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), रेट. पहिल्या आठवड्यात या शब्दांची भिंत तयार करा. प्रत्येकानं आपल्या घरचे किंवा खेळाचे पाच शब्द आणायचे, कार्डावर इंग्रजीत स्पेलिंग लिहायचं, अर्थ वर्गाला सांगायचा. ज्याला वर्गात कधी बोलता आलं नाही तो 'कोअर' म्हणजे काय हे हातवारे करून सांगतो आणि सगळा वर्ग ऐकतो. त्या दिवसापासून तो इंग्रजीच्या तासाचा माणूस होतो.

ही नुसती हौस नाही. बोर्डाच्या पेपरात माहितीचं रूपांतर करायचा प्रश्न असतो, तक्त्यावरून परिच्छेद लिहायचा किंवा उलटं. दुधाची दहा दिवसांची पावती फळ्यावर उतरवा आणि विचारा, कुठल्या दिवशी फॅट जास्त लागली, दर किती मिळाला, दहा दिवसांत दूध वाढलं की कमी झालं. तीच उत्तरं ओळीनं लिहिली की परिच्छेद तयार. फुटबॉलची मॅच बघून आलेल्याकडून बातमी लिहून घ्या. पुस्तकातला नमुना त्यानंतर दाखवा, आधी नको.

अपेक्षा पाचच, आणि त्या शिकवायच्या

तिसऱ्या-चौथ्या तासाला अपेक्षांकडं या. पाचापेक्षा जास्त ठेवू नका. माझ्या पाच अशा आहेत: चुकणाऱ्याला हसायचं नाही. रोज निदान एक वाक्य इंग्रजीत बोलायचं. उत्तर आपलं लिहायचं, गाईडचं नाही. वही आणि पुस्तक सोबत असलं पाहिजे. अडलं तर विचारायचं. तुमच्या वेगळ्या असू शकतात, पण पहिली मात्र सगळ्यांनी ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

कारण हायस्कूलच्या वर्गात इंग्रजी कशानं मरत असेल तर हसण्यानं. चौदा वर्षांच्या मुलाला छडीपेक्षा मागच्या बेंचवरून आलेला खिदळण्याचा आवाज जास्त लागतो. एकदा तो ऐकला की पुढची दोन वर्षं तो तोंड उघडत नाही. म्हणून हा नियम फळ्यावर लिहून भागत नाही, तो सरावानं बसवावा लागतो. पहिले पंधरा दिवस कुणालाही एकट्याला उभं करून वाचायला लावू नका. आधी जोडीनं, बाकावरच, सगळे एकदम हळू आवाजात. मग चौघांच्या गटात. मग जो हात वर करेल तो वर्गासमोर. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजा आणि गप्प राहा. मराठीत विचार करून इंग्रजीत मांडायला मुलाला तेवढा वेळ लागतो, आणि आपण बहुतेक वेळा त्याच्या आधीच दुसऱ्याकडं वळतो. बोलताना मध्ये चूक काढू नका. वाक्य पुरं झाल्यावर तेच वाक्य बरोबर करून तुम्ही म्हणा आणि पुढं चला. मुलगा म्हणाला 'ही गो टू मार्केट', की तुम्ही म्हणायचं, 'ओह, ही गोज टू द मार्केट. व्हेन?' त्याला चूक कळते, अपमान होत नाही.

तरीही कुणी हसलंच तर तास थांबवा. ओरडू नका. हसणाऱ्याला तास संपल्यावर एकट्याला भेटा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच पहिल्यांदा वाचायची संधी द्या, मदत करून. दुसऱ्यांदा झालं तर वर्गशिक्षकांना सांगा. तिसऱ्यांदा झालं तर पालकांना बोलवा. ही साखळी मुलांना आधीच माहीत असू द्या.

शिक्षेबद्दल स्पष्टच लिहिते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी करतं. तो कायदा आठवीपर्यंतचा आहे म्हणून नववी-दहावीला हात मोकळे झाले असं समजू नका. 'ढ' म्हणणं, वर्गाबाहेर उभं करणं, कमी मार्कांचा पेपर सगळ्यांसमोर वाचून दाखवणं, हेही त्याच छळात येतं. गावाकडं काही पालक स्वतः येऊन सांगतात, "मॅडम, हाणा त्याला, आमची तक्रार नाही." त्यांना प्रेमानं समजवा. चहा घ्या, मुलाचं एखादं चांगलं काम दाखवा, पण ती परवानगी घेऊ नका.

दुसऱ्या अपेक्षेबद्दल नव्या शिक्षकांचा हमखास आग्रह असतो की इंग्रजीच्या तासाला मराठी बंद. माझं मत याच्या विरुद्ध आहे. मराठी बंद केली की ज्यांना येतं ते आठ-दहा जण बोलतात आणि बाकीचा वर्ग मुका होतो. त्यापेक्षा मुलांना आधाराची वाक्यं द्या: 'प्लीज रिपीट इट.' 'आय डोन्ट अंडरस्टँड धिस लाइन.' 'हाऊ डू आय से धिस इन इंग्लिश?' 'मे आय से इट इन मराठी?' ही चार वाक्यं मोठ्या अक्षरात फळ्याच्या वर लावा. मराठीत बोलायचं असेल तर शेवटचं वाक्य म्हणायचं आणि मग खुशाल मराठीत बोलायचं. परवानगी इंग्रजीतून मागितली जाते, अडलेलं मराठीतून सुटतं, आणि दिवाळीपर्यंत पहिली तीन वाक्यं सगळ्या वर्गाच्या जिभेवर बसलेली असतात.

वही तपासायचा हिशेब आधी मांडा

गृहपाठ देण्याआधी हा हिशेब कागदावर करा. पाच तुकड्या आणि प्रत्येकी ५५ मुलं धरली तर २७५ वह्या होतात. एका वहीला तीन मिनिटं म्हटलं तरी ८२५ मिनिटं, म्हणजे पावणेचौदा तास. रोज गृहपाठ आणि रोज तपासणी हे शब्द पहिल्या दिवशी उत्साहात तोंडातून निघतात आणि जुलैत वह्यांचे गठ्ठे स्टाफ रूममध्ये पडून राहतात. मुलं ते बघत असतात.

त्यापेक्षा असं करा. रोजचा गृहपाठ दोन-तीन वाक्यांचा ठेवा आणि तो जोडीदारानं तपासायचा, तुम्ही बाकांमधून फिरून नुसती नजर टाकायची. दर पंधरवड्याला प्रत्येक मुलाचं एकच लिखाण तुम्ही मनापासून वाचायचं. तुकड्यांचे दिवस वाटून घ्या, म्हणजे एका दिवशी एकाच तुकडीचा गठ्ठा हातात येईल. आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक लाल करा. या पंधरवड्यात क्रियापदाचा एस, पुढच्यात भूतकाळ. आपल्या मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळं 'अ' आणि 'द' दहावीच्या शेवटपर्यंत चुकत राहणार, हे धरून चाला. प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारलेली वही मूल वाचत नाही, मिटून दप्तरात टाकतं. खाली एक वाक्य मात्र लिहा, लिखाणात काय होतं त्याबद्दल. म्हशीला रेडकू झाल्याचं लिहिलं असेल तर रेडकाचं नाव विचारा. पुढच्या वेळी ते मूल दोन ओळी जास्त लिहितं.

गाईडवरून उतरवलेलं उत्तर ओळखू येतंच. त्यावर शेरा मारत बसण्यापेक्षा प्रश्नच बदला. धड्यातल्या पात्राच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस, हे कुठल्याच गाईडात नसतं.

मार्कांचं उघडपणे सांगा

नववी-दहावीच्या मुलांच्या मनात हा विषय सतत असतो, तो टाळू नका. दहावीला इंग्रजीचे १०० गुण: लेखी ८०, तोंडी २०. लेखी पेपर तीन तासांचा. त्यात पुस्तकातले उतारे असतात, पुस्तकाबाहेरचा उतारा असतो, कविता असते, व्याकरण असतं, पत्र आणि इतर लेखन असतं, आणि मराठीत भाषांतराचा छोटा प्रश्नही असतो. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात, तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका शेजारच्या शाळांतूनही सहज मिळतात. एक संच वर्गात टांगून ठेवा आणि जूनमध्येच मुलांना चाळू द्या. बघितलेल्या पेपराची भीती निम्मी होते.

तोंडीचे २० गुण शाळेच्या हातात असतात म्हणून काही ठिकाणी ते फेब्रुवारीत घाईघाईनं वाटले जातात. तसं करू नका. जुलैपासून दर महिन्याला प्रत्येक मुलाचं दोन मिनिटं ऐका: एका महिन्यात वाचन, पुढच्या महिन्यात गप्पा, त्याच्या पुढच्या महिन्यात ऐकून सांगणं, असं आलटून पालटून. एका छोट्या वहीत तारीख आणि शेरा टिपा. फेब्रुवारीत गुण भरताना त्या वहीचा आधार घ्या, आणि मुलानं विचारलं तर ती त्याला दाखवा.

पालकांना एक पान लिहा, मराठीत

कोल्हापुरात शिक्षण ही घराघरातली गोष्ट व्हावी म्हणून शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. बोर्डिंग त्याच्याही आधीपासून उभी राहत होती. तरी आजही वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या घरात इंग्रजी वाचणारं पहिलं माणूस तेच. त्यांचे आईवडील सभेला येतात आणि मागं उभे राहतात. "आम्हालाच येत नाही, त्याला काय सांगणार" असं म्हणतात. त्यांच्यासाठी पत्र सोपं हवं. माझ्या पत्राचा मसुदा देते, हवा तसा बदलून घ्या:

"सप्रेम नमस्कार. यंदा आपल्या पाल्याला मी इंग्रजी शिकवणार आहे. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं, त्यामुळं मुलांना कुठं अडतं ते मला माहीत आहे. आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी तीन गोष्टी आपण करू शकता. रोज रात्री पंधरा मिनिटं त्याला पुस्तक मोठ्यानं वाचायला सांगा आणि जवळ बसून ऐका. त्याच्या इंग्रजीला घरात कुणी हसू नये याकडं लक्ष द्या. गैरहजर राहणार असेल तर एक दिवस आधी कळवा. मी दर पंधरा दिवसांनी वही वाचेन, चूक समजावून सांगेन, आणि मुलाला कमी लेखणार नाही. मला भेटायचं असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिक्षक खोलीत थांबते."

शेवटची ओळ लिहिली की दर शनिवारी थांबावं लागतं. जमणारच नसेल तर लिहू नका.

पालक सभेची वेळ ठरवताना वर्गशिक्षकांशी बोला. संध्याकाळी धारांची वेळ टाळा, आठवडी बाजाराचा दिवस टाळा. ऊसतोडीचा हंगाम लागला की बरेच वडील रानात किंवा वाहतुकीवर असतात, तेव्हा मोठी सभा दिवाळीआधी उरकलेली बरी. पालकांच्या ग्रुपवर निरोप टाका, पण मुलांशी खाजगी चॅट करू नका, काही सांगायचं असेल तर पालकांच्या नंबरवर. आणि कुणी घरी शिकवणी घ्या म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणं शिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही. ज्याला जादा मदत हवी त्याला शाळेतच, ऑफ तासाला बसवा.

पावसाळा नियोजनात धरा

बाहेरून आलेल्या नव्या शिक्षकाला हे कुणी सांगत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी त्या आसपास गेलं की रस्ते बंद होतात, सुट्ट्या जाहीर होतात, आणि चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळच्या नदीकाठची मुलं शाळा सुरू झाल्यावरही लगेच येऊ शकत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कित्येक घरांतली वह्या-पुस्तकंसुद्धा गेली.

म्हणून वार्षिक नियोजन करताना जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत नवा मोठा धडा ठेवू नका. कविता, गोष्ट, तोंडी काम, उजळणी असं सुटं सुटं ठेवा. पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगून टाका की पुरामुळं बुडलेल्या तासांचा गृहपाठ मागितला जाणार नाही आणि हरवलेल्या वहीची शिक्षा होणार नाही. महत्त्वाच्या पानांच्या झेरॉक्सचे चार-पाच संच कपाटात वरच्या फळीवर ठेवा. परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी तोच संच द्या, सोबत एक जोडीदार द्या, आणि त्याला बोलावंसं वाटलं तर पाण्याबद्दल बोलू द्या, कुठल्याही भाषेत.

महिन्याअखेर वर्गाकडून ऐका

जुलैच्या मध्याला एक तास राखून ठेवा. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही. तीन प्रश्न: पाच अपेक्षांपैकी कुठली तुला जमते, कुठली जमत नाही, आणि मी, म्हणजे तुमची शिक्षिका, कुठली पाळत नाही? तिसरा प्रश्न सोडू नका. मुलं खरं लिहितात. तुम्ही भरभर बोलता, पुढच्याच बाकांना विचारता, खडूचं अक्षर मागून दिसत नाही, मागच्या आठवड्यात वही दिली नाहीत. चिठ्ठ्या घरी वाचा, कुणाचं अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नका. त्यातली निदान एक सूचना त्याच आठवड्यात अमलात आणा आणि कुठली आणली ते वर्गाला सांगा. जी अपेक्षा निम्म्याहून जास्त मुलांना जमत नसेल ती फळ्यावरून काढा, तिच्याऐवजी तिच्याच दिशेची एक सोपी अपेक्षा मुलांकडूनच लिहून घ्या. बदललेल्या अपेक्षांचा हा कागद दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या तासाला पुन्हा काढायचा आहे, तेव्हा टाचणवहीत मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवा.